विधानमंडळाला पाठवलेली एक सूचना

वाईत तहसील कचेरीच्या रस्त्याला माझं डीटीपी-झेरॉक्सचं दुकान आहे. वारसनोंद, सातबारा दुरुस्ती, रेशनकार्डात सुनेचं नाव, माहितीचा अधिकार, असले अर्ज टाइप करण्यात उमेदीची वर्षं गेली. 'महोदय' तर डोळे मिटून टाइप होतं. पण स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने, तेही थेट विधानमंडळाकडे काही पाठवायची वेळ मार्च २०२५ मध्ये पहिल्यांदा आली. तेव्हापासून दुकानात येणारे विचारतात: कुठे पाठवलंस, वकील लागतो का, खर्च किती आला, आणि मुख्य म्हणजे ते कुणी वाचतं का? प्रत्येकाला नव्याने सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

विषय होता महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक, २०२४, म्हणजे एखादी संघटना बेकायदेशीर जाहीर करण्याचा अधिकार सरकारला देणारं विधेयक. जुलै २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात ते पहिल्यांदा मांडलं गेलं, पण पुढे सरकलं नाही. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली, जुनी विधानसभा गेली आणि तिच्याबरोबर ते विधेयकही गेलं. डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, १८ तारखेला, ते पुन्हा आलं. या वेळी सरकारने ते लगेच मंजुरीला न ठेवता दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवलं. महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे समितीचे प्रमुख होते आणि विरोधी पक्षांचेही आमदार तिच्यात होते. या समितीने लोकांकडून सूचना आणि हरकती मागवल्या. शेवटची तारीख १ एप्रिल २०२५.

ही जाहीर सूचना माझ्यापर्यंत आली ती व्हॉट्सॲपवरून, आणि त्यातही एका गिऱ्हाइकाकडून, जो तिची प्रिंट काढायला आला होता. त्याने दहा प्रती काढल्या, मी अकरावी काढून ठेवली.

पहिली गोष्ट सांगते ती हीच, की फिरत आलेल्या मजकुरावर थांबू नका. या विधेयकावर दोन्ही बाजूंनी इतकं काही फिरत होतं की मूळ कागद कुणी पाहिलाय असं वाटेना. एकजण म्हणे आता मोर्चा काढला की आत टाकणार. दुसरा म्हणे हे फक्त नक्षलवाद्यांसाठी आहे, तुम्ही का घाबरता? मूळ विधेयक विधानमंडळाच्या संकेतस्थळावर असतं आणि फुकट असतं. या विधेयकाचा क्रमांक होता सन २०२४ चे विधानसभा विधेयक क्रमांक ३३. क्रमांक हाताशी असला की शोधणं सोपं जातं, आणि पुढे पत्रातही तोच लिहायचा असतो.

विधेयक कसं वाचायचं हे मला वकीलकाकांनी शिकवलं. त्यांची खोली माझ्या दुकानाच्या वर आहे आणि त्यांचे दावे-कैफियती माझ्याकडेच टाइप होतात. ते म्हणाले, "आधी शेवटचं पान वाच." शेवटी उद्देश व कारणे यांचं निवेदन असतं. सरकारला हा कायदा का हवा आहे ते त्यात साध्या भाषेत दिलेलं असतं. इथे लिहिलं होतं की नक्षलवाद शहरी भागातही आघाडीच्या (म्हणजे त्याच्या वतीने उघडपणे काम करणाऱ्या) संघटनांमार्फत पसरतो आहे, छत्तीसगड, तेलंगणा, आंध्र प्रदेश, ओडिशा यांनी असे कायदे केले आहेत आणि महाराष्ट्रात नाही. ते वाचून मग व्याख्या वाचायच्या, मग शिक्षेची कलमं. मधलं नंतर.

व्याख्यांमध्ये 'बेकायदेशीर कृत्य' म्हणजे काय याची यादी होती. हिंसा, तोडफोड, शस्त्रं हे त्यात होतंच. त्याबद्दल कुणाची तक्रार असायचं कारण नाही. पण सार्वजनिक सुव्यवस्थेत अडथळा आणण्याकडे कल असणारं कृत्य, प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करण्यास प्रोत्साहन देणारं कृत्य, असंही होतं. आणि शिक्षेचं कलम ८ वाचताना मी थांबले ते पोटकलम दोनवर. संघटनेचा सदस्य नसलेल्या माणसानेही बेकायदेशीर ठरलेल्या संघटनेला कोणत्याही प्रकारे मदत केली, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन लाखांपर्यंत दंड.

कोणत्याही प्रकारे.

माझ्या दुकानात कोण कोण येतं ते सांगते. धोम आणि बलकवडीचे धरणग्रस्त येतात, त्यांची निवेदनं माझ्याकडे होतात. आशाताईंच्या मोर्चाची पत्रकं होतात. ऊसदराच्या आंदोलनाची, दारूबंदीसाठी बायकांच्या सह्यांची, सगळ्या पक्षांच्या सभांची. कोण कुठल्या संघटनेचं हे मी विचारत नाही. पानाला अमुक रुपये, पाठपोट असेल तर तमुक, एवढाच आमचा संबंध. उद्या त्यातली एखादी संघटना बेकायदेशीर जाहीर झाली तर तिची पत्रकं छापणारी मी 'मदत' करणारी ठरते का? हा प्रश्न राजकारणाचा नव्हता, माझ्या मशीनचा होता. म्हणून विधेयक हवं की नको या वादात न पडता मी एवढ्याच मुद्द्यावर लिहायचं ठरवलं.

वकीलकाका आधी हसले. मग म्हणाले, "मुद्दा आहे. पण नुसती भीती लिहू नकोस, उपाय लिही." उपाय माझ्याकडे होता, कारण तो मी दर निवडणुकीला वापरते. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२७-क प्रमाणे निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता लागतो. शिवाय प्रकाशकाने स्वतःची ओळख सांगणारं घोषणापत्र दोन प्रतींत द्यायचं असतं आणि त्यावर त्याला व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या असतात. ते कागद माझ्याकडे असले की पत्रकातल्या मजकुराची जबाबदारी कुणाची हे स्पष्ट होतं. म्हणजे छापणारा आणि छापून घेणारा यांच्यात फरक करायची पद्धत आपल्या कायद्यात आधीपासून आहे. मी एवढंच सुचवायचं ठरवलं की संघटना बेकायदेशीर जाहीर झाल्याचं माहीत असूनही जो मदत करेल त्यालाच हे कलम लागावं, आणि नेहमीच्या धंद्याचा भाग म्हणून टाइपिंग, छपाई, मंडप, ध्वनिक्षेपक, वाहन अशी सेवा देणाऱ्यांना स्पष्टपणे वगळावं.

मंडपवाला आणि स्पीकरवाला मी नंतर घातले. ते दोघं माझ्या शेजारीच आहेत आणि मसुदा वाचून म्हणाले, "ताई, आमचं काय?"

आता मसुद्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच होते. ठरावीक छापील नमुना नाही. साधं पत्र चालतं. वर दिनांक, मग 'प्रति, प्रधान सचिव, महाराष्ट्र विधानमंडळ सचिवालय, विधान भवन, मुंबई ४०००३२', मग विषयात विधेयकाचं पूर्ण नाव आणि क्रमांक. मजकुराच्या सुरुवातीला आपण कोण, काय काम करतो, या कलमाशी आपला संबंध काय, हे दोन ओळींत. त्यानंतर मी चार रकान्यांचा तक्ता केला: कलम, सध्याचे शब्द, सुचवलेले शब्द, कारण. आमदार असोत की सचिवालयातले अधिकारी, त्यांच्यापुढे हजारो कागद असतात; तक्ता असला की नजर नेमकी जागी जाते. सही, पूर्ण पत्ता, मोबाईल नंबर. निनावी पाठवू नका, आणि दुसऱ्याने तयार केलेला मजकूर जसाच्या तसा नाव बदलूनही पाठवू नका. माझ्याकडे असे गठ्ठे टाइपला आले होते. मी ते करून दिले, धंदा आहे, पण प्रत्येकाला सांगितलं की खाली दोन ओळी तरी स्वतःच्या घाला.

युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमध्ये केलेलं ई-मेलने पाठवलं तर समोर चिन्हांचा बाजार दिसतो. पीडीएफ करून जोडा म्हणजे ती चिंता नाही.

मी ई-मेलही केला आणि स्पीड पोस्टही. पोस्टाला एक्केचाळीस रुपये. पावती जपून ठेवा. तीवरच्या नंबरावरून कागद पोचला की नाही ते घरबसल्या कळतं. खरं तर इथेच काम संपलं होतं. पण त्याच महिन्यात मुंबईत अर्थसंकल्पी अधिवेशन चालू होतं, माझा भाचा फोर्टला नोकरीला आहे, आणि महिला सन्मान योजनेमुळे एसटीचं तिकीट अर्धं. म्हटलं, ज्या घराला पत्र लिहिलं ते एकदा बघून तरी यावं.

सभागृह बघायला प्रेक्षक गॅलरीचा पास लागत होता आणि तो आमदाराच्या शिफारशीने मिळत होता. आमदारांना मी कधी भेटलेली नाही. त्यांच्या पीएंचा नंबर मात्र होता, कारण त्यांच्या कार्यालयाची पत्रकंही माझ्याकडे आलेली. त्यांनी नाव, वय, आधारकार्डाची प्रत मागितली आणि कुठल्या दिवशी येणार ते विचारलं. "काय काम आहे?" "काही नाही, बघायचंय." थोडा वेळ शांतता. त्यांना बहुधा कामाशिवाय येणारं माणूस नवीन होतं.

दादरला उतरून लोकलने चर्चगेट, तिथून चालत. मूळ ओळखपत्र बरोबर ठेवा, झेरॉक्सवर भागवू नका (हे झेरॉक्सवाली सांगते आहे). मोबाईल, बॅग, पाण्याची बाटली यातलं काहीही गॅलरीत नेता येत नाही, त्यामुळे कुणी बाहेर थांबणारं असेल तर बरं पडतं. माझा भाचा होता. तपासणीला वेळ लागतो. प्रश्नोत्तराचा तास बघायचा असेल तर बरंच आधी पोचा. पासवर वेळ घातलेली असते, ती संपली की उठायचं. गॅलरीत बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही, खाली वाकून बघायचं नाही.

आत गेल्यावर मला सगळ्यात आधी काय दिसलं असेल, तर प्रतिवेदक. टीव्हीवर कधी लक्ष जात नाही. सभागृहाच्या मध्यभागी टेबलाशी बसून ते बोललेलं सगळं लघुलिपीत उतरवून घेत होते. काही मिनिटं झाली की एक उठे, दुसरा येऊन बसे, आणि हात न थांबता काम पुढे चालू. वर आवाज चढत होते, दोघे-तिघे एकदम बोलत होते, अध्यक्ष "खाली बसा, खाली बसा" म्हणत होते आणि या माणसांच्या चेहऱ्यावर रेष हलत नव्हती. मी स्वतः मिनिटाला किती शब्द करते ते मला माहीत आहे. तीन माणसं एकाच वेळी बोलत असताना कुणाचं घ्यायचं आणि कुणाचं सोडायचं हे ते कसं ठरवत असतील, याचाच विचार मी करत बसले. एका सदस्याने आपल्या तालुक्यातल्या आरोग्य केंद्राचा प्रश्न विचारला, मंत्र्यांनी उत्तर दिलं, सदस्याचं समाधान झालं नाही, उपप्रश्न, पुन्हा उत्तर. शेजारी बसलेले एक आजोबा मला दर थोड्या वेळाने हळूच विचारत होते, "हे कोण?" मलाही निम्मे ओळखता येत नव्हते.

त्या दिवशीचं कामकाज नंतर संकेतस्थळावर वाचता येतं. आधी असुधारित प्रत येते. मी घरी आल्यावर ती शोधून वाचली. जो गोंधळ मी कानांनी ऐकला होता त्याच्या जागी कागदावर एक ओळ होती, कंसात, अडथळा म्हणून.

बाहेर पडल्यावर भाच्याने मला फोर्टात फिरवलं. सध्याचं विधान भवन १९८१ चं. त्याचं उद्घाटन इंदिरा गांधींनी केलं. त्याआधीचं सभागृह कुलाब्याला रीगल सिनेमासमोर होतं. ती इमारत मुळात खलाशांच्या निवासासाठी बांधलेली, नंतर विधिमंडळाची झाली, आणि आता तिथे राज्याच्या पोलीस महासंचालकांचं कार्यालय आहे. त्याच्याही आधी, २२ जानेवारी १८६२ ला, मुंबई प्रांताच्या कायदेमंडळाची पहिली बैठक टाऊन हॉलमध्ये भरली. आज एशियाटिक ग्रंथालयाच्या ज्या पायऱ्यांवर पोरं फोटो काढत बसतात, तीच ही इमारत. त्या मंडळात निवडून आलेला एकही सदस्य नव्हता. सगळे गव्हर्नरने नेमलेले, त्यात जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखे मोजके भारतीय. आजच्या विधानसभेत २८८ आणि परिषदेत ७८ आहेत, आणि त्यांना पत्र पाठवायला माझे एक्केचाळीस रुपये पुरले.

हुतात्मा चौकात आम्ही थांबलो. तो रस्ता मला तोवर स्मारकाचा म्हणूनच माहीत होता. २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेला जमाव विधिमंडळाकडेच चालला होता, म्हणजे त्या रीगलसमोरच्या इमारतीकडे, आणि फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. त्या एका दिवसात १५ माणसं गेली. पुढे हुतात्म्यांचा आकडा १०६ पर्यंत पोचला. शाळेत आकडा पाठ केला होता, पण लोक निघाले होते कुठे हे कुणी सांगितल्याचं आठवत नाही.

एप्रिलची तारीख गेली आणि मग नुसतं थांबणं. या टप्प्यावर लोक हिरमुसतात, म्हणून स्पष्ट लिहिते: वैयक्तिक उत्तर येईल अशी अपेक्षा ठेवू नका. जाहीर सूचनेत तसं काही म्हटलेलंही नसतं. समिती सूचना एकत्र करते, बैठका घेते, अहवाल करते. तो अहवाल सभागृहात मांडला गेला की सर्वांना एकदमच कळतं. मधल्या काळात समितीच्या बैठकींच्या बातम्या शोधत राहायचं, बस.

उन्हाळ्यात दुकानाला दाखल्यांची गर्दी असते, तरी संध्याकाळी मी जुनी भाषणं वाचायला लागले. गावातल्या ग्रंथालयात राज्य शासनाने काढलेला डॉ. आंबेडकरांच्या मुंबई विधिमंडळातल्या भाषणांचा इंग्रजी खंड मिळाला. इंग्रजी माझं अर्जापुरतंच, त्यामुळे वकीलकाकांचा छळ करत वाचला. १९३८ साली औद्योगिक तंटा विधेयक आलं होतं, संपावर बंधनं घालणारं. आंबेडकर सभागृहात त्याविरुद्ध कलमवार बोलले. संपाचा हक्क म्हणजे माणसाच्या स्वातंत्र्याच्याच हक्काचं दुसरं नाव, असं त्यांचं म्हणणं. आणि ७ नोव्हेंबरला त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून गिरण्यांत एक दिवसाचा संप केला. विधेयक तरीही मंजूर झालं. त्याच वर्षी, १० जानेवारीला, खोती (खोतामार्फत शेतकऱ्यांकडून सारा वसूल करायची पद्धत) रद्द करा म्हणून कोकणातले हजारो शेतकरी त्यांनी विधिमंडळावर आणले होते. खोती नष्ट करणारं विधेयक आदल्या वर्षी त्यांनीच मांडलेलं. आत विधेयक, बाहेर माणसं.

उलटंही घडलेलं आहे. सीताराम केशव बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला की सरकारी खर्चाने बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुली असावीत. महाडच्या नगरपालिकेनेही पुढच्या वर्षी आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. पाणी मात्र कुणाला पिऊ देत नव्हते. २० मार्च १९२७ ला लोक चवदार तळ्यावर गेले ते त्या ठरावाच्या बळावर. विधिमंडळाचा कागद नसता तर ते गेले नसते असं मी म्हणणार नाही, पण कागद होता याचा त्यांना उपयोग झाला.

आणखी एक, माझ्या खिशाशी संबंधित. दुकानाचा व्यवसाय कर मी दरवर्षी अडीच हजार रुपये भरते आणि दरवर्षी कुरकुरते. हा कर १९७५ साली बसवला तो रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी, हे मला माहीत नव्हतं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आपल्या तासगाव तालुक्यात विसापूरला त्या योजनेचा प्रयोग करून पाहिला होता, आणि १९७७ साली विधिमंडळाने त्याचा कायदा केला. मागेल त्याला काम हा कायदेशीर हक्क झाला. शहरातल्या पगारदारांनी आणि दुकानदारांनी खेड्यातल्या मजुरासाठी कर द्यायचा, हे तेव्हा सभागृहाने ठरवलं. कुरकुर अजून चालू आहे, थोडी कमी.

जुलैत पावसाळी अधिवेशन लागलं. समितीचा अहवाल आला. बारा हजारांहून जास्त सूचना आणि हरकती आल्याचं सांगण्यात आलं. त्यातला एक कागद माझा. १० जुलै २०२५ ला विधानसभेत चर्चा होती. दुकानात एका संगणकावर थेट प्रक्षेपण लावून ठेवलं आणि दुसऱ्यावर पीकविम्याचे अर्ज करत राहिले. आवाजी मतदानाने विधेयक मंजूर झालं. डहाणूचे आमदार विनोद निकोले यांनी विरोध केला. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला आणि तिथेही ते मंजूर झालं.

समितीने केलेल्या तीन मोठ्या बदलांची चर्चा झाली. आधी विधेयकात व्यक्ती आणि संघटना असा मोघम उल्लेख होता, तिथे कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तशा संघटना असं आलं. संघटना बेकायदेशीर जाहीर करायला पुरेसं कारण आहे का हे तपासणाऱ्या सल्लागार मंडळाची रचना बदलली. आणि तपास आधी उपनिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे होता तो उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. हा तिसरा बदल मला महत्त्वाचा वाटतो. तालुक्याच्या ठिकाणी दुकान चालवणाऱ्या माणसाला उपनिरीक्षक आणि उपअधीक्षक यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. या बदलांनी पुरेसं झालं असं मला वाटत नाही. 'तशा संघटना' यात काय काय बसेल हा प्रश्न राहतोच. पण डिसेंबरात मांडलेला कागद आणि जुलैत मंजूर झालेला कागद एकच नव्हता, हेही खरं.

माझा मुद्दा त्या तिन्हींत नव्हता.

वाईट वाटलं का? वाटलं. वकीलकाका म्हणाले की समितीपुढे आलेला कागद नोंदीला राहतो आणि पुढे न्यायालयात कलमाचा अर्थ लावताना अशा नोंदींना कधीकधी किंमत येते. हे त्यांनी समजूत काढायला सांगितलं की खरंच, ते मी विचारलं नाही.

ज्यांना सभागृह बघायला जायचंय त्यांच्यासाठी महत्त्वाचं: जुलै २०२५ मध्येच विधान भवनाच्या लॉबीत हाणामारी झाली आणि त्यानंतर अध्यक्षांनी अधिवेशनकाळात अभ्यागतांच्या प्रवेशावर कडक बंधनं घातली. मी मार्चमध्ये गेले तसं आता जाता येईलच असं नाही. आमदारांच्या कार्यालयात आधी चौकशी करा, मगच तिकीट काढा. थेट प्रक्षेपण घरबसल्या दिसतं, आणि वाचायला कामकाजाच्या प्रती आहेतच. विधेयक नसेल, गावाचा प्रश्न असेल, तर विनंती अर्ज हा वेगळा मार्ग आहे. तो सभागृहात मांडायला आमदाराची सही लागते आणि मग त्यासाठी असलेल्या समितीकडे जातो. त्याचा मसुदाही याच पद्धतीने करायचा, कमी शब्दांत आणि एकाच मागणीवर.

दुकानात मात्र एक बदल झाला. मंजुरीच्या बातमीनंतर मी काउंटरवर एक वही ठेवली: पत्रक कुणाचं, छापून घेणाऱ्याचं नाव, मोबाईल, सही. निवडणुकीच्या घोषणापत्रासारखंच, फक्त बारा महिने. दारूबंदीवाल्या बायकांनी हसत सह्या केल्या. धरणग्रस्तांच्या एका कार्यकर्त्याने मात्र वही बघितली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, तुम्ही पण?" त्याने पत्रकं साताऱ्याहून करून आणली. वकीलकाका म्हणतात वही ठेव, उद्या तुलाच उपयोगी पडेल. मंडपवाला म्हणतो फाडून टाक, उद्या तीच वही कुणीतरी मागेल आणि त्यातली सगळी नावं तू दिलीस असं होईल. दोघांचंही पटतं. वही सध्या काउंटरवर नाही, खणात आहे, आणि कुणाला दाखवायची हे मी माणूस बघून ठरवते, जे मला अजिबात आवडत नाही.